गडदेनानांचा न घेतलेला कॅमेरा

आमच्या कॉलनीत तीन घरांत व्हिडिओ कॅमेरे आले ते गडदेनानांमुळे. नानांच्या घरात मात्र तो कधीच आला नाही. कॅमेरा घ्यायचाय, कॅमेरा घ्यायचाय, असं म्हणत त्यांनी दोन-अडीच वर्षं शहरातली दुकानं पालथी घातली, विक्रेत्यांना घरी बोलावलं, जेवू घातलं, आणि शेवटी बिनकॅमेऱ्याचेच राहिले. नाना गेल्यावर आता ही गोष्ट कॉलनीत विनोद म्हणून सांगितली जाते. सांगणारे हसतात, मीही हसतो. पण त्या खरेदीच्या बहुतेक फेऱ्यांना मी बरोबर होतो. लोक हसून जिथं थांबतात, तिथून पुढची थोडी गोष्ट मला माहीत आहे. ती राहून जाऊ नये म्हणून सावकाशीनं लिहायला बसलो आहे.

नाना, म्हणजे नामदेव गडदे, मध्यवर्ती बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत माईकपुढं बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सांगायचं, हे त्यांचं काम. कन्नड, देवगाव रंगारी, फर्दापूर, पैठण, ही नावं ते अशा आपुलकीनं घेत की ज्याला कुठंच जायचं नाही त्यालाही गाडीत बसावंसं वाटे. अडचण एवढीच, की माईक बसस्थानकावर ठेवून आले तरी सवय घरी यायची. पाहुणे फार वेळ बसले की नाना खिडकीबाहेर बघत गंभीरपणे म्हणायचे, "सिल्लोडकडं जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." पाहुणे सिल्लोडचेच असायचे. नानी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अहो, जिभेला काही हाड?" त्यावर नाना शांतपणे, "मी कुठं जा म्हणलं? गाडी लागली एवढंच सांगितलं."

भाच्याच्या लग्नात कुणीतरी त्यांच्या हाती माईक दिला. नानांनी त्यात एकदा फुंकर मारली आणि म्हणाले, "नवरदेव फलाटावर लागलेला आहे. वऱ्हाडी मंडळींनी चढण्या-उतरण्याची घाई करू नये." नवरदेव घोड्यावरून उतरत होता. मांडव दहा मिनिटं हसत होता, आणि नवरीचे वडील त्यानंतर नानांशी वर्षभर बोलले नाहीत.

नाना पायाळू होते. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्याचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, अशी आपल्याकडं समजूत आहे. कॉलनीतले विज्ञानाचे एक निवृत्त शिक्षकसुद्धा आजूबाजूला कुणी बघत नाही याची खात्री करून नानांच्या ओट्यावर पालथे पडायचे. पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं असंही म्हणतात, आणि ती वर्षं तर लागोपाठ कोरडी. पाऊस हुलकावणी देत होता आणि शहर मात्र चहूबाजूंनी फुगत होतं. काल जिथं मेंढरं चरायची तिथं आज चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडलेले. प्रत्येक प्लॉटवाल्याला बोअर हवी. ते नानांना जीपमध्ये घालून न्यायचे. नाना अनवाणी पायांनी, डोळे अर्धे मिटून फिरायचे आणि एका जागी थांबायचे.

मी एकदा विचारलं, "नाना, खरंच कळतं काही पायाला?"

"कळतं की," ते म्हणाले. "ऊन कुठंय अन् सावली कुठंय, एवढं बरोबर कळतं."

पाणी लागलं तर मान नानांचा. नाही लागलं तर दोष मशीनवाल्याचा.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. आमची दोन्ही घरं एका भिंतीची. नाना मला 'लायब्ररीसाहेब' म्हणायचे, आणि कुठल्याही वस्तूबरोबर इंग्रजी पुस्तिका आली की भिंतीवर दोन थापा मारायचे. तो आमचा टेलिफोन होता.

आता मुद्द्याची गोष्ट. जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची नावं ज्याच्या जिभेवर होती, त्या माणसाला स्वतःचा जन्म कुठल्या गावात झाला हे ठाऊक नव्हतं. नानांचं घराणं मेंढपाळांचं. कन्नडजवळ गाव, पण गावात राहायचे ते पावसाळ्यापुरते. बाकीचं वर्ष मेंढरांमागं. नाना असेच कुठंतरी वाटेत जन्मले. वडील लवकर गेले. थोरला भाऊ तेव्हा इतका लहान की त्याला काही आठवत नव्हतं. उरली आई. नाना तिला माय म्हणायचे, मग आम्हीही सगळे मायच म्हणायचो. तिला विचारलं की एकच उत्तर: "झाला वाटंवर. पोटातून पडला, आभाळातून नाय."

नाना सहा-सात वर्षांचे असताना त्यांना शाळेसाठी एका नातेवाइकाकडं ठेवलं आणि कळप पुढं गेला. तेव्हापासून माय-लेक एका छपराखाली असे राहिलेच नाहीत. कोरड्या वर्षांनी त्यांना पुन्हा एकत्र आणलं. गावचा हापसा आटला, टँकरवर भांडणं होऊ लागली, थोरला भाऊ मेंढरं घेऊन घाट उतरून खानदेशात गेला. मायचे गुडघे चालणार नव्हते. ती शहरात आली. इथंही नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी यायचं, पण भिंतीतून पाणी येतं हेच तिला ऐषारामाचं वाटे.

बारकीशी, काटक बाई. एका डोळ्यावर वडसाचा पडदा चढलेला, दुसऱ्यानं धूसर दिसायचं. सकाळपासून ओट्यावर बसायची आणि भाजीवाला, गॅसवाला, टपालवाला, जो जाईल त्याला हाक मारायची, "कोन्या गावचा रं बाबा?" गाव सांगितल्याशिवाय कुणाची सुटका नसे. त्याच उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिला तपासून नानांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की काळीज थकलं आहे, फार धरून चालू नका.

मायला घरी सोडून आम्ही दोघं औषधं आणायला निघालो. वाटेत नाना म्हणाले, "लायब्ररीसाहेब, ही गेली की मी कुठला, हे सांगणारं जगात कुणी राहणार नाय. तिच्याच तोंडून काढून घ्यायचं, अन् असं काढायचं की नातवंडांनी बी बघावं. शूटिंग करायची."

पहिला प्रयोग उसन्या कॅमेऱ्यावर झाला. लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून नानांनी तो एका दुपारपुरता आणला. मायला खुर्चीत बसवलं. कॅमेरा डोळ्याला लावला.

"हां माय, बोल."

"काय बोलू?"

"मी झालो ती गोष्ट सांग. कुठं, कशी."

"तुला ठाव हाय की."

"मला कुठं ठावंय?"

"मंग इतकी वर्सं कसा जगला?"

नाना हसले, कॅमेरा हलला. माय पुढं झुकून डोळे बारीक करून बघू लागली. "आन् ते डबडं काढ तोंडावरचं. पोराचं तोंड दिसंना मला, मी बोलू कोनाशी? तोंड झाकून आईशी बोलतेत व्हय कुनी?"

नानांनी कॅमेरा माझ्या हाती दिला आणि स्वतः तिच्या शेजारी बसले. माय माझ्याकडं वळली. "ह्यो तर भिंतीपलीकडचा. ह्याला रोज समदं ऐकूच जातं." आणि तिनं मिश्रीची डबी उघडली. त्या कॅसेटवर अर्धा तास मिश्री लावणं आहे.

"उसन्या कॅमेऱ्याला ती बधत नाय," नानांनी निष्कर्ष काढला. "चांगला, घरचा घ्यावा लागंल."

पहिलं दुकान गुलमंडीच्या बाजूचं. नानांनी वस्तू फार घेतल्या नव्हत्या, मेंढ्या मात्र लहानपणी खूप बघितल्या होत्या. त्यांना निवड करायची एकच रीत माहीत होती. त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवरून उलटा-सुलटा हात फिरवला. खालून वाकून बघितलं. काच उघडायला लावून आत डोकावले, दात बघतात तसे. "किती सालाचा? खातो काय? एका खाण्यावर किती चालतो? आधी कुणाकडं होता का? मग त्यानं का काढला?" विक्रेता जगताप नावाचा पंचेचाळिशीचा गुबगुबीत गृहस्थ होता. नवीन आहे, साहेब, नवीन आहे, हे तो पुनःपुन्हा सांगत होता. नाना म्हणाले, "जरा चालवून दाखवा." जगतापनं बटण दाबलं. "तसं नाय. खांद्यावर घेऊन चालून दाखवा." दुपारच्या गर्दीत जगताप कॅमेरा खांद्यावर घेऊन दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालला. मी पुस्तकांच्या माणसासारखा पुस्तिका वाचत उभा राहिलो.

"बरंय," नाना म्हणाले. "पण बाजारात उभं केलेलं जनावर आपल्या दारात कसं वागंल सांगता येत नाय. रविवारी घरी आणा. कॅसेट माझी."

रविवारी जगताप आला. घाम पुसत खुर्चीत टेकतो न टेकतो तोच ओट्यावरून हाक आली, "कोन्या गावचा रं बाबा?"

"फर्दापूर, आजी."

"फर्दापूर? लेण्यायच्या पायथ्याचं?" मायचा चेहरा उजळला. "अगं बाई, मंग तू तर आपला मानूस. ह्यो नामदेव तुझ्याच शिवारात झाला की."

नानांच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. माय सांगत होती. वाघूर नदी, काठचा लिंब, कळपात शिरलेला लांडगा, आणि आधी आलेले पाय. जगताप कॅमेऱ्यामागून हुंकार देत होता. ज्याला काही ठाऊक नाही असा नवा माणूस समोर आल्याबरोबर बाईच्या तोंडाचं कुलूप निघालं होतं. उठताना जगतापच्या पाठीत उसण भरली. माय म्हणाली, "नामदेवा, गाववाल्याला पाय लाव." आणि आमच्या डोळ्यांदेखत कॅमेऱ्याचा विक्रेता नानांच्या बैठकीत पालथा पडला. जाताना तो नानांना 'भाऊ' म्हणत होता.

पुढच्या सुट्टीला नाना मला घेऊन फर्दापूरच्या गाडीत बसले. नदीकाठी लिंब बरेच होते. नानांनी त्यातला एक निवडला, त्याच्या खोडाला हात लावून उभे राहिले, मग बुंध्याशी बसून आम्ही भजी खाल्ली. इतके समाधानी नाना मी पूर्वी पाहिले नव्हते.

कॅमेरा मात्र नापास झाला. "खांद्याला घट्टा पाडंल असलं ओझं. अन् आता बारक्या कॅसेटचा येऊ राहिला म्हणे." तो कॅमेरा समोरच्या वकिलांनी घेतला. त्यांनी खिडकीतून सगळी शूटिंग बघितली होती.

बारक्या कॅसेटचा कॅमेरा शहागंजकडच्या एका स्टुडिओत मिळाला. मालक करीमभाई, पांढरी दाढी, हळू बोलणारे. नानांनी त्याही कॅमेऱ्याचे दात बघितले आणि मग गळ्यातलं उपरणं काढून करीमभाईंच्या हातावर टाकलं. मला काही कळेना. करीमभाईंच्या डोळ्यांत मात्र हसू उमटलं. त्यांचे आजोबा जनावरांच्या बाजारात दलाल होते. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली बोटं दाबून सांगतात. दोघं उपरण्याखाली हात घालून समोरासमोर उभे राहिले. नाना छताकडं बघत होते, करीमभाई भिंतीवरच्या नवरा-नवरीच्या फोटोकडं. फोटो काढायला आलेलं एक कुटुंब आ वासून बघत होतं. बऱ्याच वेळानं करीमभाईंनी हात काढून घेतला आणि म्हणाले, "नाना, इतने में तो कॅमेरे का पट्टा आता."

"पट्टा तर पट्टा. घरी तर आणा."

करीमभाई स्वतः आले. मायनं विचारलं, "कोन्या गावचे, भाई?"

"पैठण, अम्मा. बाप-दादे सब वहीं के."

"पैठन? गंगंच्या काठचं?" माय सावरून बसली. "मंग तुमी तर घरचे. ह्यो नामदेव तिथंच झाला की. गंगंच्या वाळवंटात."

नानांनी माझ्याकडं बघितलं. मी नानांकडं बघितलं. आम्हाला दोघांनाही तो लिंब आणि ती भजी आठवली. माय तोवर वाळवंटात पोचली होती. लांडगा तोच होता, पायही आधीच आले होते, नदी तेवढी बदलली होती. करीमभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना त्यांनी मायच्या पायांना हात लावला आणि उपरण्याखाली हात घालून नानांना काहीतरी भाव सांगितला. तो बराच खाली आला असावा, कारण नाना लाजले.

ते गेल्यावर नानांनी खुर्ची ओढली. "माय, मागं फर्दापूर म्हणली, आज पैठण म्हणली. मी जन्मलो तरी किती वेळा?"

माय मिश्री घासत होती. "मंग? दारी आलेल्या मानसाला रिकाम्या हातानं धाडू व्हय? आपल्या गावात कुनी जनमलं म्हनलं की बरं वाटतं मानसाला."

नाना आधी बघतच राहिले आणि मग इतके हसले की नानी पाणी घेऊन धावल्या. "लायब्ररीसाहेब, बघा, पेढ्यासारखं वाटलं हिनं मला. ज्याला त्याला एकेक."

हा कॅमेराही नापास झाला. "हलका आहे, वावटळीत उडंल." तो विज्ञानाच्या शिक्षकांनी घेतला. पुढं काही महिने नानांनी या प्रकाराची मजा लुटली. दुकानात शिरले की किमतीच्या आधी विक्रेत्याचं गाव विचारायचे. "धरणाच्या खालच्या अंगाचं कुणी आहे का? आम्हाला यंदा पाण्याच्या बाजूला जन्मायचंय." त्या साली ते सोयगावात जन्मले, वैजापुरात जन्मले, एकदा तर चाळीसगावात जन्मून जिल्ह्याबाहेर गेले. घरी कॅसेटी साठत होत्या, कॉलनी दर रविवारी तमाशाला यावं तशी जमत होती.

मग तिसरा उन्हाळा लागला आणि माय ओट्यावरून उठताना भिंत धरू लागली. एका दुपारी तिला दोन वाक्यांनंतर थांबून श्वास घ्यावा लागला. त्या दिवशी भिंतीवर थापा पडल्या त्या हळू होत्या. मी गेलो. नाना म्हणाले, "मस्करी पुरे झाली. तिला ज्याचं गाव कळतं, त्याला ती गाव देऊन मोकळी होते. आता ज्याला गावच नाही असा माणूस पायजे."

सांगायला सोपं. आम्ही दुकानामागून दुकान पालथं घातलं. या शहरात गाव नसलेला माणूस मिळेना. वाळूजच्या कारखान्यात दोन पाळ्या करणाऱ्यालाही गाव होतं, नवीन फ्लॅट घेतलेल्यालाही गाव होतं, मॅनेजर म्हणून टाय लावून बसलेल्यालाही चावडी आणि पार होता. "गाव नाय असं कुणी आहे का तुमच्याकडं?" नाना विचारायचे, आणि दुकानदार माझ्याकडं सहानुभूतीनं बघायचे.

शेवटी जालना रोडवर नुकत्याच उघडलेल्या एका काचेच्या शोरूममध्ये नीता मॅडम भेटल्या. तिशीच्या, नीटनेटक्या, गळ्यात नावाची पट्टी. नानांनी नेहमीचा प्रश्न केला.

"माझं गाव? नाही हो काका. वडिलांची बदलीची नोकरी. दर तीन वर्षांनी बिऱ्हाड."

"आजोबांचं असंल की."

"आजोबा रेल्वेत. त्यांचंही तेच."

"शेत, वाडी, कुलदैवत, काहीतरी?"

"काहीच नाही. माझा जन्म नागपूरच्या दवाखान्यातला. तिथून आम्ही महिन्याभरात निघालो."

नाना माझ्या कानाशी आले. "सापडली."

रविवारी त्या आल्या. त्यांचा कॅमेरा तळहाताएवढा होता, बाजूला छोटा पडदा. माय आत पलंगावर होती, बसून. तिनं विचारलं. मॅडमनी सांगितलं. मायला ते पटेना. "गाव नाय? असं कसं नाय? मंग मेल्यावर कुठं नेतेत तुमाला?"

मॅडम हसायला गेल्या आणि मधेच थांबल्या. "माहीत नाही, आजी."

मायनं हात पुढं केला, चाचपडत त्यांचा हात शोधला आणि धरला. हात धरल्यामुळं मॅडमना कॅमेरा मांडीवर ठेवावा लागला. "नको वाईट वाटून घेऊ," माय म्हणाली. "माझा बी असाच हाय, बिनगावाचा. ह्यो उभा हाय त्यो."

नाना दाराशी उभे होते.

"कुठं झाले हे, आजी?"

"हितंच. तवा हा रोड नव्हता, घरं नव्हती. चिकलठान्याच्या वाटंला पेरूची बाग व्हती, बागंला हीर. पाऊस नव्हता, मेंढरं पान्यावर आनली, अन् मला कळा सुटल्या. रझाकाराची गडबड मिटून साल-दोन साल झालं असंल. बाग मुसलमान बागवानाची. माझा मालक म्हनं, हितं नगं थांबायला. बागवान बी म्हनं, हितं नगं. दोघं बाप्ये एकमेकाकडं बघत उभे. दिस तसले व्हते, बाई. त्याची बायकू आतून आली. तिनं दोघाला बी हाकललं."

ती श्वास घ्यायला थांबली.

"ह्याचे पाय आधी आले. मी तिचा हात असा धरला की तिच्या समद्या बांगड्या फुटल्या. तिनं वढलं ह्याला. निळा पडलेला. मेला, म्हनली मी. ती म्हनली, चुप. तोंडात फुंकर घालीत बसली, घालीत बसली, मंग ह्यो रडला. दोन रात्री तिच्या खाटंवर झोपले मी. निघताना ती म्हनली, मी कुनाला सांगनार नाय, तू बी नको सांगू, तुझ्या मानसांला बी आवडायचं नाय, माझ्या बी नाय. मी म्हनलं, नाय सांगत. शब्द दिला तिला. आता ती बी नसंल. बाग बी नाय. तुला कुनी विचारनार बी नाय, तुला गावच नाय. म्हनून तुला सांगितलं."

मग ती आडवी झाली आणि म्हणाली, "पोरीला च्या करा."

चहा घेताना मॅडमनी पडद्यावर शूटिंग लावून बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. कॅमेरा चालू होता, पण मांडीवर असल्यामुळं चित्रात सगळा वेळ फरशी होती, आणि फरशीवर दाराशी उभे असलेले नानांचे दोन अनवाणी पाय. आवाज मायचा. लांडगा या गोष्टीत नव्हता. "सॉरी काका," मॅडम म्हणाल्या, "चुकून नुसते पायच आले."

नाना पडद्यात बघत होते. सबंध गोष्ट होईपर्यंत ते पाय जागचे हलले नव्हते, फक्त एकदा अंगठा आत वळला होता. "चुकून नाय," ते म्हणाले. "तेव्हा बी आधी पायच आले होते."

कॅमेरा नापास करायला त्यांना त्या दिवशी काही कारण सुचलं नाही. "वस्तू लई चांगलीय, मॅडम," एवढंच म्हणाले. "पण आमचं काम झालं." तिसरा कॅमेरा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं घेतला.

ती बाग कुठं असेल हे नानांनी पुष्कळ शोधलं. चिकलठाण्यातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. कुणी इकडं बोट दाखवलं, कुणी तिकडं. एका नव्या व्यापारी संकुलाच्या तळघरात मात्र भर उन्हाळ्यात पाणी पाझरत असे. अख्खं शहर टँकरमागं धावत असताना तिथं पाणी बाहेर फेकायला मोटार लावलेली होती. बागेतल्या विहिरीवरच हे बांधलं असणार असं ठरवून नाना मला घेऊन तिथं गेले, चपला काढल्या, पँट दुमडली आणि घोटाभर पाण्यात उभे राहिले. रखवालदार बघत होता.

"लायब्ररीसाहेब, या वेळी खरंच कळलं बरं का पायाला."

मला ते पाणी ड्रेनेजचं असावं असं वाटत होतं. मी तसं बोललो नाही. मीही चपला काढल्या.

मृगाच्या तोंडावर माय गेली. थोरला भाऊ मेंढरं घेऊन परतायच्या आधी. नाना चार दिवस बोलले नाहीत, आणि पाचव्या दिवशी सांत्वनाला आलेल्या पाहुण्यांना गाडी लागल्याचं सांगितलं. तेव्हा नानींना हायसं वाटलं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. शहर चिकलठाण्याच्याही पुढं गेलं, त्याचं नाव बदललं, नाना निवृत्त झाले. कॅसेटींचे आकार वेगवेगळे, त्या लावायची यंत्रं कुठं मिळेनात. मनीषा, त्यांची मुलगी, नोकरीसाठी याच शहरात परत आली आणि वडिलांजवळ राहू लागली. तिनं पुण्याहून त्यातल्या तीन-चार कॉम्प्युटरवर उतरवून आणल्या. बाकीच्यांना बुरशी धरली होती. फरशीची मात्र उतरली. पुढं नानांचंही काळीज थकलं. घराण्यातच होतं ते. मनीषा त्यांच्यामागं लागली, "नाना, मेंढरांबरोबरच्या गोष्टी सांगा ना, मायच्या सांगा, मी रेकॉर्ड करते." नाना पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "तुला माहितीय की सगळं."

ती त्यांचीच मुलगी. महिन्याभरात त्यांच्या दारात पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा माणूस आला. मग गादीवाला आला. मग घरात जिना नसताना जिन्याचे कठडे बसवणारा आला. सगळ्यांना बसवलं जायचं, चहा मिळायचा, आणि मनीषाला नेमकं त्याच वेळी आत काहीतरी काम निघायचं.

मी नानांना शेवटचं नीट पाहिलं ते अशाच एका सकाळी. मी माझ्या ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन होतो. नाना त्यांच्या ओट्यावर खुर्चीत, समोर बॅग घेतलेला व्हॅक्युम क्लीनरवाला. खिडकीच्या पडद्याआड मनीषा मोबाईल धरून उभी असल्याचं मला माझ्या जागेवरून दिसत होतं. नाना त्या बागवानाच्या बायकोचं सांगत होते, तिनं दोघां पुरुषांना कसं हाकललं ते. आवाज बारीक झाला होता, म्हणून तो माणूस ऐकायला खुर्ची ओढून पुढं सरकला.

नाना वाक्याच्या मध्येच थांबले. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबा, जरा डावीकडं सरक," ते म्हणाले. "तू मधी येऊ राहिला."

तो बिचारा कशाच्या मध्ये येतोय ते न कळून सरकला. पडदा किंचित हलला. नानांनी तिकडं बघितलं नाही. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, घसा खाकरला, आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.